वीसच्या डावीकडे

आलेख वीस हर्ट्झला सुरू होतो, वीस हजारांना संपतो.
कुणीतरी कधीतरी ठरवलं : माणूस एवढाच.
तीस वर्षं मी ते मुकाट मानलं,
शेजाऱ्याचं कुंपण मानावं तसं.

कुल्दीगात, जुन्या पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर माझा स्टुडिओ.
मार्चअखेर झेल्मा जिना चढून आली,
एक्क्याऐंशी वर्षांची,
कापडी पिशवीत फितीचं रीळ
आणि खारवलेल्या काकड्यांची बरणी.
"चौऱ्याऐंशी सालचं. आमच्या चर्चचा ऑर्गन.
वाजवणारा गेला. भाता मी ओढला होता."
मोटर गुरगुरायची, म्हणून त्या रात्री मोटर बंद
आणि दोन तास, घामानं निथळत, ही.

फीत मी सावकाश उतरवली.
फुसफुस काढली, करकर काढली,
पंधरा हजार सहाशे पंचवीसवर एक सुई उभी होती,
सरळ, न हलणारी. ती मला दिसली, ऐकू आली नाही.
ठेवली तशीच, नंतर बघू म्हणून.
आणि वीसच्या खाली एक फिल्टर लावला,
सवयीनं, जेवणानंतर हात धुवावेत तसा.
डाव्या कडेला काहीच नव्हतं.
काहीच नव्हतं, म्हणून कापताना हात कचरला नाही.

एप्रिलात ती ऐकायला आली.
बूट काढून लोकरी मोज्यांचे पाय लाकडी जमिनीवर टेकवले.
शेवटचा स्वर संपला.
म्हणाली, "छान. पण जमीन आली नाही."
मी आलेख दाखवला. हे बघा, इथून इथपर्यंत सगळं आहे.
तिनं पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
"सगळ्यात मोठी नळी. ती वाजत नाही, बाबा.
ती बाकांना समजते."

कानानं नव्हे, डोळ्यानंच मी कानाडोळा केला होता.

सेटिंगच्या तिसऱ्या पानावर, रंगांच्या खाली,
एक चौकोन होता : किमान, वीस.
त्याला हात लावता येतो हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.
कधी गरज पडली नव्हती.
पाच लिहिलं. फिल्टर काढला.
तरी नुसतीच एक धूसर उतरंड.
मग आठवलं, मोजण्याची खिडकी फार अरुंद आहे.
खोल आवाज घाईत दिसत नाही.
एक लाट ओळखायची तर आधी ती पुरती येऊन जायला हवी.
खिडकी रुंदावली, जवळजवळ दीड सेकंदापर्यंत.
आलेख म्हाताऱ्या बैलासारखा मंदावला
आणि सोळावर, वेशीच्या बाहेर,
एक टेकडी हळूहळू वर आली.
चाळीस वर्षं फितीवरच होती.

टेबलाखालचा मोठा स्पीकर चालू केला.
काही ऐकू आलं नाही.
बरणीतलं पाणी थरथरलं.
झेल्मानं मोज्यातली बोटं आवळली आणि सोडली.

तेवढ्यात मदारा, माझी मदतनीस, तेवीस वर्षांची,
कान दाबून म्हणाली, "ती शिट्टी कुठली?"
कसली शिट्टी?
माझी उजवी हद्द बारा हजारांशी आलेली,
दरवर्षी थोडी आत सरकते, नोटीस न देता.
मी सुईवर बोट ठेवलं.
झेल्मा हसायला लागली, खोकला लागेपर्यंत.
"येकाब्स! खालच्या खोलीतला टीव्ही!
बंद कर म्हटलं होतं मेल्याला, हॉकी चालू होती,
त्यानं नुसता आवाज बंद केला."

ठेवू का, मी विचारलं. आठवण म्हणून.
"काढ. तेव्हाच काढायला हवी होती."
काढली. मदाराच्या कपाळावरची आठी गेली.
मला काडीचाही फरक जाणवला नाही.

बिलात मी एक ओळ कमी लिहिली, ती तिनं वाचली नाही.
चौकोनात अजून पाचच आहे.
रस्त्यावरून ओंडक्यांचा ट्रक गेला
की मायक्रोफोन चालू असताना डावी बाजू फुगते,
फ्रिज सुरू झाला की फुगते,
आणि काही दुपारी, कुणीच नसताना,
नऊच्या आसपास काहीतरी उठतं, बसतं.
गिरणी असेल.
नदी फुगलीये, तीही असेल.
खुर्ची मागे सारून मी बूट काढतो.